खालतीची खोली

आमच्या वरच्या मावशींइतकं आयतं नशीब घेऊन आलेलं माणूस मी उभ्या आखातात पाहिलेलं नाही. हे मी कौतुकाने लिहितो आहे असं कुणी समजू नये. मी धंद्यातला माणूस आहे. खाडीच्या काठावर लाँचवाल्यांना ब्लँकेटं आणि थर्मास विकून मी उभा राहिलो. घसा बसेपर्यंत भाव केले, कॅल्क्युलेटर आपटून फोडले, गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याला कधी हाक मारायची आणि कधी जाऊ द्यायचं हे शिकण्यात माझी जवानी गेली. आणि या बाई वरच्या खोलीत लसूण सोलत बसून माझ्या हातातला सौदा घेऊन गेल्या, तोही भाव न विचारता. त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा राग काही गेलेला नाही, आणि मावशींची आठवण आली नाही असा शुक्रवारही गेलेला नाही.

बर दुबईच्या जुन्या भागात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांनी बांधलेलं ते घर होतं. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या आणि माथ्यावर वारा पकडून खाली सोडणारा चौकोनी मनोरा. त्याला तिथे बारजील म्हणतात. एके काळी ते कुणा बड्या व्यापाऱ्याचं ऐसपैस घर असणार. नव्वदच्या सुमाराला मात्र त्याच्या प्रत्येक खोलीत वेगळा देश नांदत होता. समोर मल्याळी शिंपी, कोपऱ्यात नान भाजणारा पठाण, दारालगत किराणा विकणारा इराणी म्हातारा, खालच्या मोठ्या खोलीत मी आणि माझ्या डोक्यावर मावशी. मावशी मूळच्या गुहागरकडच्या. यजमान गोदीत फिटर होते. ते वारल्यावर मुलगा त्यांना अबुधाबीला घेऊन गेला. तो तिथे तेलकंपनीत मोठ्या हुद्द्यावर, फ्लॅट प्रशस्त, सून समजूतदार. मावशी आठवडाभरात परत आल्या. "तिथे दार लावलं की माणूस संपलं रे," त्या मला म्हणाल्या. "मी खिडकीत उभी राहून राहून कंटाळले. खाली नुसत्या मोटारी. एकानेही मान वर करून बघितलं नाही." तेव्हापासून मुलगा गुरुवारी संध्याकाळी गाडी हाणत यायचा, आईला चल म्हणून विनवायचा, आणि शुक्रवारी लोणच्याची बरणी घेऊन एकटाच परत जायचा.

मावशींना मराठीखेरीज जगातली कुठलीही भाषा येत नव्हती आणि ही आपली अडचण आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या पठाणाशी मराठीत बोलत, इराण्याशी मराठीत बोलत, अंगणात येणाऱ्या मांजरांशीही मराठीत बोलत, आणि मांजरांसकट सगळ्यांना ते कळे. समोरच्याला नाही कळलं तर त्या हिंदीकडे वगैरे वळत नसत. तेच मराठी वाक्य पुन्हा म्हणत, जरा सावकाश, लहान मुलाला घास भरवावा तसं. मी आल्यावर आधी हिंदी सुधारली, मग भाव करण्यापुरती अरबी शिकलो, मग मोडकी फारसी. मावशी जागच्या हलल्या नाहीत, अख्खी गल्ली त्यांच्याकडे सरकली. पठाणाकडून नान घेताना त्या रोज "जरा खरपूस दे रे" म्हणायच्या. पठाणाचा समज असा झाला की जास्त भाजलेल्या नानाचं नावच खरपूस. त्याने तो शब्द दुसऱ्या गिऱ्हाइकांना वापरायला सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत अशी वेळ आली की पेशावरचे ट्रक ड्रायव्हर भट्टीसमोर उभे राहून एकमेकांत पश्तूत बोलत आणि मधेच ओरडत, "चार सादा, दो खरपूस!" मावशींना त्यात नवल वाटलं नाही. "मग त्याला दुसरं काय म्हणणार?" त्यांनी मलाच विचारलं.

भाव करण्याची त्यांची तऱ्हा पाहून तर माझ्या पोटात दुखायचं. मासे घ्यायला आम्ही अब्रा होडीतून खाडी ओलांडून देऱ्याच्या मच्छी बाजारात जायचो. मी आकडा पाडत पाडत खाली आणायचो, पाठ फिरवायचो, परत यायचो. मावशी आकड्याला हातच घालत नसत. त्या माशाला नावं ठेवत. सुरमईचे कल्ले उघडून बघायच्या आणि विकणाऱ्याच्या तोंडावर म्हणायच्या, "हिचे डोळे बघ. माझी नणंद बाळंतपणाला आली होती तेव्हा अशी दिसायची." विकणारा मलबारी किंवा बंगाली असे. त्याला नणंद कळत नसे, पण मालाचा काहीतरी भयंकर अपमान झाला आहे एवढं कळे, आणि तो गडबडून दोन तुकडे जास्त टाके. घरी येताना मावशी दिरहमाचे रुपये करून आनंदाने मोठ्यांदा सांगत. त्यांचा दर ज्या साली त्या आल्या त्या सालचा होता. रुपया पुढे कुठे घसरला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यामुळे त्यांना दुबई जन्मभर स्वस्त वाटली आणि मला ती रोज महाग होत गेली.

रमजान आला की त्यांच्या अंगात यायचं. गल्लीतले निम्मे लोक रोजे धरणारे, आणि मावशींच्या हिशेबी उपास तो उपास. संध्याकाळची अजान झाली की त्या सगळ्यांकडे साबुदाण्याची खिचडी पाठवायच्या. पठाण खजूर खाऊन मटणाकडे वळला की या अंगणात उभ्या राहून त्याला झापत, "दिवसभर धरलास आणि आता कांदा खाऊन मोडलास? मेल्या, निदान भगर तरी खा." पठाण छातीवर हात ठेवून मान झुकवायचा आणि खिचडी संपवून मगच मटणाला हात लावायचा. इराणी म्हातारा पुढे इतका सोकावला की रमजानच्या आधी स्वतःच साबुदाण्याचं पोतं मागवून ठेवू लागला. मी त्याला एकदा समजावून सांगितलं की हा आमच्या एकादशीचा पदार्थ आहे, तुमच्या रोज्याशी याचा संबंध नाही. तो माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसा बघत म्हणाला, "मावशी बोला, रोजा का चीज है."

बारजीलबद्दल बोललो नाही तर माझ्यावर अन्याय होईल. त्या मनोऱ्याचं काम वरचा वारा खेचून खालच्या खोलीत सोडायचं, आणि खालची खोली माझी. मावशी गच्चीवर, मनोऱ्याच्या बरोबर आडोशाला, स्टोव्ह मांडून बोंबील तळायच्या. जुन्या कारागिरांची करामत अशी की तो वास गल्लीत कुठे न जाता थेट माझ्या उशीवर उतरायचा. बाकीच्या मनोऱ्यांतून लोकांना खाडीची झुळूक मिळे, मला बोंबील. ब्लँकेटं विकायला गेलो की लाँचवरचे खलाशी वास घेऊन विचारायचे, हा माल मासेमारीच्या बोटीवरून आला का. मी वर जाऊन भांडलो की मावशी शांतपणे ताटली पुढे करायच्या. तोंडात बोंबील घेऊन भांडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. घराचा मालक अरब होता. पन्नाशीचा, उंच, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातला, मोजकं बोलणारा. गल्लीत त्याला सगळे अरबाब म्हणत, म्हणजे मालक. हिंदी त्याला तोडकीमोडकी येई. शुक्रवारची नमाज आटोपून तो घराकडे फेरी मारायचा, अंगणाच्या मधोमध उभा राहायचा आणि वर बघून हाक मारायचा, "खालती!" आमच्या कोकणात खाली न म्हणता खालती म्हणतात. अरबाला मराठी शब्द कसा येतो याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. पठाण जर खरपूस म्हणू शकतो तर अरबाब खालती का म्हणणार नाही? मावशी हाक ऐकून गुडघ्यांवर हात टेकत जिना उतरायच्या आणि उतरताना पुटपुटायच्या, "याला वर यायला काय होतं? उठसूट आपला खालती, खालती. एक शब्द शिकला मराठीतला, तोही हुकमाचा." खाली आल्या की तो त्यांना खजुराची पिशवी द्यायचा, कधी डाळिंबं, कधी लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्या. त्या म्हणायच्या, "मेल्या, वर ये की एकदा, चहा तरी घे." तो "इन्शाल्ला" म्हणायचा आणि कधी वर जायचा नाही.

मग तो माझ्याकडे वळून विचारायचा, "खालती कैसा?" मी खालती राहणारा. मला वाटे, चला, मालक खोलीची चौकशी करतो आहे, हीच भाडं कमी करून घेण्याची वेळ. माझ्या भिंतींना खाडीची ओल होती, मीठ फुटून चुना पडायचा. मी रडगाणं सुरू करायचो, "खालती बहुत खराब है, अरबाब. रात को पानी छूटता है." तो कळवळून "हराम, हराम" म्हणायचा. अरबीत कीव आली तरी हराम म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटे तो मलाच हरामी म्हणतो आहे, आणि माझं डोकं फिरायचं. पण खरी चीड पुढे असे. तक्रार मी करायची आणि दुसऱ्या दिवशी अरबाबाचा ड्रायव्हर येऊन वस्तू वर मावशींना द्यायचा. मी ओल म्हटलं, मावशींना गरम शाल आली. मी थंडीत भिंती गार पडतात म्हटलं, त्यांना हीटर आला. एका उन्हाळ्यात मी निकराला येऊन सांगितलं, "खालती नीचे से पूरा सड़ गया है. अब इलाज नहीं. तोड़ना पड़ेगा." अरबाबाचा चेहरा पडला. संध्याकाळी एक डॉक्टर बॅग घेऊन आला, माझ्या भिंतीकडे ढुंकूनही न बघता जिना चढला आणि मावशींचं ब्लडप्रेशर मोजून गेला. त्याने त्यांचे पायही तपासले, पुन्हा पुन्हा दाबून बघितले. मावशी खूश. "माणूस रागीट वाटतो पण जीव लावतो हो," त्या म्हणाल्या. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

अशी वर्षं चालली होती, आणि नव्वदचं दशक सरता सरता एका शुक्रवारी अरबाबाने सगळ्यांना अंगणात गोळा केलं. जुनी घरं आता सरकार दुरुस्त करून जपून ठेवणार होतं, आमचंही त्यात होतं. रमजानच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या. पठाण आणि शिंपी कुणाकुणाकडे सोय बघू लागले, इराणी म्हातारा मुलाकडे शारजाला निघाला. मावशींच्या मुलाला तर सुटल्यासारखं झालं. त्याने फोनवर आईला सांगून टाकलं की आता बोलायला जागा उरली नाही, पुढच्या गुरुवारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव. मावशींनी कुणाशी वाद घातला नाही. ट्रंक काढली आणि तिच्यात काय भरायचं हे न सुचून तिच्यावरच बसून राहिल्या. गच्चीवर स्टोव्ह पेटला नाही. माझ्या उशीवर त्या आठवड्यात पहिल्यांदा खाडीचा निव्वळ वारा आला आणि मला झोप लागेना.

अरबाबाची मागच्या गल्लीत, कापडबाजाराला लागून, आणखी एक खोली रिकामी होती. ती मला हवी होती. दुकानापासून चार पावलांवर, माल ठेवायला पोटमाळा, असली जागा पुन्हा मिळाली नसती. मी त्याचा पिच्छाच पुरवला. मशिदीच्या पायरीवर गाठलं, गाडीच्या खिडकीशी गाठलं, कॉफी पितो तिथे जाऊन बसलो. मी एक आकडा म्हणायचो, तो गप्प. मी वाढवायचो, तो गप्प. गप्प माणसाशी भाव करणं किती कठीण ते भाव करणाऱ्यालाच कळेल. शेवटी तो वैतागला.

"वो कमरा खालती का," तो म्हणाला. "खलास."

माझा कानांवर विश्वास बसेना. खालतीचा, म्हणजे माझाच. तरी सवयीने विचारलं, "और किराया?"

"खालती से किराया?" त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. "ऐब!"

ऐब म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. माझ्याकडून भाडं घ्यायची त्याला लाज वाटत होती! मी त्या दिवशी गल्लीतून चाललो तो जमिनीवरून नव्हे. दुबईत अरबाकडून फुकट खोली काढलेला दुसरा माणूस मला दाखवा. मी बाजारात पेढे वाटले. अरबाबाच्या चौकीदाराला पटवून खोली उघडून घेतली, तिला चुना लावून घेतला, सुताराकडून पोटमाळा नीट करवला, आणि एका सिंधी दुकानदाराशी सकाळपासून दुपारपर्यंत भांडून मिळवलेला एसी खिडकी फोडून भिंतीत बसवला. सगळं माझ्या खर्चाने. मावशींनाही जाऊन बातमी दिली. त्या ट्रंकेवर बसल्या होत्या. "बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "तू तरी इथे राहशील. पठाणाकडे बघ अधूनमधून."

शुक्रवार उजाडला. मुलगा आदल्या संध्याकाळीच आला होता, बरोबर त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी. ट्रंक गाडीत चढली होती. मावशी अंगणात उभ्या राहून एकेका खोलीच्या दाराकडे बघत होत्या आणि नात म्हणत होती, "आजी, कम ऑन ना, इट्स सो हॉट." तेवढ्यात अरबाब आला. हातात किल्ली. त्याने मावशींकडे बघून हाक मारली, "खालती," आणि किल्ली पुढे केली.

मी पुढे होऊन हात पसरला. त्याने किल्ली मागे घेतली. मला वाटलं थट्टा करतो आहे. मी आणखी पुढे झालो, तो आणखी मागे झाला. 

"खालती का है," तो कडकपणे म्हणाला.

"हाँ, तो मैं ही खालती हूँ!" मी म्हणालो.

अरबाबाने मला पायांपासून मिशांपर्यंत न्याहाळलं. "तुम... खालती?"

"दस साल से मैं ही खालती हूँ! पूरी गल्ली को पूछो!" माझा आवाज चढला होता. "आपने खुद बोला, कमरा खालती का!"

तो बापडा दोन पावलं मागे सरकला. ऊन लागून माणसं बरळतात हे त्याला माहीत असणार. आणि तेवढ्यात मावशींची नात मट्कन पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. तिला शाळेत अरबी होतं. "अंकल, यू कान्ट बी खालती!" हसता हसता ती म्हणाली. "खालती मीन्स मावशी. माय मदर्स सिस्टर. इट्स इन अवर अरेबिक बुक!"

मग अरबाबाने, जन्मात बोलला नसेल इतकं, बोलून टाकलं. पहिल्यांदा या घरात आला तेव्हा त्याने पठाणाला या वयस्क बाईंना मावशी अशी हाक मारताना ऐकलं होतं. अरबीत मवाशी म्हणजे गुरंढोरं. बकरी, गाय, उंट. त्याला संताप आला होता, एका विधवेला लोक जनावर म्हणतात म्हणून त्याने पठाणाला फैलावर घेतलं होतं, तेव्हा पठाणाने याचा अर्थ आईची बहीण असा समजावला. मग तो शब्द आपल्या तोंडून नको म्हणून तो त्यांना आपल्या भाषेत मावशी म्हणू लागला. एकट्या बाईमाणसाच्या खोलीपर्यंत जिना चढणं त्याच्या रीतीत बसत नसे, म्हणून अंगणातूनच हाक. आणि मला दर शुक्रवारी तो विचारत होता, मावशी कशी आहे? मी सांगत होतो, फार खराब, रात्रभर पाणी सुटतं. मी सांगत होतो, खालून पार सडली आहे, आता तोडावी लागेल.

मुलाने हे सगळं आईला नीट मराठीत समजावून सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या. पदराने तोंड पुसलं. "म्हणजे हा इतकी वर्षं मला मावशीच म्हणत होता?" त्या म्हणाल्या. "आणि मी याला मेल्या वर ये, मेल्या वर ये म्हणून बोलत होते." मग त्यांनी अरबाबाच्या हातातून किल्ली घेतली, कनवटीला लावली आणि मुलाकडे वळल्या.

"ट्रंक उतरव."

"अगं आई, पण इथे तुझं कोण..."

"भाचा आहे माझा. त्याने घर दिलंय. मला काय धाड भरलीय तिकडे यायला?"

मुलगा माझ्याकडे बघू लागला, जसं काही हा कट मी रचला होता. मी चुन्याचं बोललो, पोटमाळ्याचं बोललो, एसीचं तर फार बोललो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "एसी राहू दे," त्या म्हणाल्या. "मला सोसत नाही तो. तू आलास की लावत जाईन." मी करामा भागातल्या एका बिल्डिंगमध्ये भाड्याने गेलो. तिथे शेजाऱ्यांची नावं मला लिफ्टजवळच्या टपालपेट्यांवरून कळली. मी ठरवलं होतं की मावशींचं तोंड बघायचं नाही, आणि दोन शुक्रवार पाळलंही. तिसऱ्या शुक्रवारी एसी ठीक चालतो की नाही एवढंच बघायला गेलो. मग दर शुक्रवारी जाऊ लागलो. मावशी मला बघितलं की एसी लावायच्या, शाल पांघरून बसायच्या आणि मी माझ्या एसीचा वारा खात त्यांचे बोंबील खायचो. दुपारी बाहेरून हाक यायची. मावशी ताडकन उठायच्या. "आला माझा भाचा." आता त्या पुटपुटत नसत. एकदा मी विचारलं की त्याला एवढं काय सांगता तुम्ही? म्हणाल्या, "सगळं. सुनेचं सुद्धा. त्याला मराठी येत नाही ते बरंच आहे."

चारेक वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात अरबाब अचानक गेला. मीच मावशींना त्याच्या घरी घेऊन गेलो. पुरुषांसाठी बाहेर मांडव होता, मी तिथे बसलो. मावशी आत बायकांत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. परतताना गाडीत म्हणाल्या की त्याच्या सख्ख्या मावश्यांनी त्यांना आपल्या ओळीत बसवून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी मला गुहागरच्या गुरुजींना फोन लावायला सांगितला. भाचा गेला, सुतक किती? गुरुजींनी गोत्र विचारलं. मावशींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ठाऊक नाही. गुरुजी म्हणाले, ठाऊक नसेल तर काश्यप धरा, आणि तीन दिवस पाळा. मावशींनी ते तीन दिवस रीतसर पाळले. देवापुढे दिवा लावला नाही. अंथरूण जमिनीवर घातलं. पठाण नान घेऊन यायचा, दारातच ठेवून जायचा. काय ते त्याला कळलं होतं.

महिनाभराने अरबाबाचा थोरला मुलगा आला. अमेरिकेत शिकलेला, अतिशय अदबशीर. मी तिथेच होतो. तो दाराबाहेर बूट काढून उभा राहिला आणि स्वच्छ इंग्रजीत त्याने सांगितलं की वडिलांनी बजावून ठेवलं आहे, ही खोली यांची आहे, जिवात जीव असेपर्यंत त्यांनी इथेच राहायचं, भाड्याचा प्रश्न नाही. "प्लीज, मॅडम," तो म्हणाला. "धिस इज युवर होम, मॅडम." मी भाषांतर करून सांगितलं. मावशींनी त्याला चहा दिला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तो नजरेआड होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मग आत येऊन मला म्हणाल्या, मुलाला फोन लाव, गुरुवारी ये म्हणावं.

मी भांडलो. नेहमीपेक्षा जास्त भांडलो. फुकटची खोली, तीही दुबईत, मालक स्वतः दारात येऊन राहा म्हणतो, आणि या बाई सोडून निघाल्या. असला व्यवहार मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी मला बोलून घेऊ दिलं.

"पोरगा गुणी आहे रे," त्या म्हणाल्या. "बापाचं वळण आहे. पण तो मला मॅडम म्हणतो. मॅडमला काय, अबुधाबी काय आणि दुबई काय."

गुरुवारी मुलगा आला. ट्रंकेचं एक कडं त्याने धरलं, एक मी. या खेपेला ती उतरवायला कुणी सांगितलं नाही.